मुक्काम रात्रीसाठी की दुपारसाठी?

पत्राचा सारांश: न्यू जर्सीत राहणाऱ्या एका वाचक भगिनींचे सासू-सासरे सांगली जिल्ह्यातून सहा महिन्यांसाठी त्यांच्याकडे आले आहेत. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात घरातील सहाही माणसे फ्लोरिडातील ऑरलँडोजवळच्या डिस्ने वर्ल्डला जाणार असून थीम पार्कची ही सर्वांचीच पहिली सहल आहे. मुलगी ९ वर्षांची आणि मुलगा ४ वर्षांचा आहे. सासरे ७२ वर्षांचे, मधुमेही आणि आयुष्यभर द्राक्षबाग केलेले. सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि दोघेही पूर्ण शाकाहारी आहेत. सहल पाच रात्रींची, त्यांतले चार दिवस पार्कचे. पतीने डिस्ने वर्ल्डजवळच्या किसिमी या गावी चार बेडरूमचे, मागे स्वतःचा पोहण्याचा तलाव असलेले घर पाहून ठेवले आहे. ते स्वस्त पडते, शिवाय स्वयंपाकघर आहे; ‘रात्री परत आल्यावर मी खिचडी टाकेन, त्यात काय,’ असे या भगिनी लिहितात. एका मैत्रिणीच्या मते डिस्नेच्या हॉटेलात न राहता डिस्नेला जाणे म्हणजे पंढरपूरला जाऊन चंद्रभागेत पाय न बुडवता परतणे. दुसरी म्हणते, हॉटेलात फक्त झोपायचे असते, तेवढ्यासाठी पैसे का घालवायचे? सासूबाईंचे म्हणणे एकच, ‘आमच्यापायी खर्च वाढवू नका.’ तर मुक्काम कुठे करावा, हा त्यांचा प्रश्न आहे.

प्रिय भगिनी,

तुमच्या पत्रात दर आहेत, अंतरे आहेत, खोल्यांची संख्या आहे आणि स्वयंपाकघराची चौकशीही आहे. दुपारी दोन वाजता तुम्ही सहा जण कुठे असाल, याविषयी मात्र त्यात एक शब्दही नाही. माझ्या मते तुमचा निर्णय त्या दोन वाजण्यावर व्हायला हवा.

तुम्ही निवडलेला आठवडा हुशारीचा आहे, हे आधी सांगते. फ्लोरिडातील शाळा ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होतात आणि तुमच्याकडच्या बहुतेक शाळा लेबर डे (सप्टेंबरचा पहिला सोमवार) उलटल्यावर, त्यामुळे त्या मधल्या दिवसांत पार्कमधली गर्दी उतरलेली असते आणि हॉटेलांचे दरही खाली आलेले असतात. पण या सवलतीची किंमत हवामान वसूल करते. ऑगस्टात ऑरलँडोचे तापमान ३२-३३ अंशांपर्यंत जाते आणि हवेतला दमटपणा असा असतो, की कोकणातला मे महिना आठवावा. दुपार कलली की बहुतेक दिवशी ढग भरून येतात, विजा कडाडतात आणि तासभर धो धो पाऊस पडून पुन्हा ऊन पडते. अशा हवेत सकाळचे तीन-चार तास सगळेच आनंदात असतात. त्यानंतर तुमचा चार वर्षांचा मुलगा काहीही कारण नसताना रडू लागेल, सासूबाई सावलीतला बाक शोधतील, सासऱ्यांची जेवणाची वेळ टळेल आणि तुम्ही दोघे एकमेकांवर बारीक आवाजात चिडू लागाल. यात कोणाचाही दोष नाही. त्या वेळी पार्कमध्ये राहणेच चूक असते. अनुभवी कुटुंबे साधारण एकच्या सुमारास बाहेर पडतात, खोलीवर जाऊन जेवतात, झोपतात, तलावात डुंबतात आणि पाचनंतर पुन्हा आत जातात. संध्याकाळची रोषणाई आणि आतषबाजी ताज्या डोळ्यांनी पाहायची असेल, तर दुपारची ही झोप अनिवार्य समजावी.

म्हणून ‘हॉटेलात फक्त झोपायचे असते’ हे तुमच्या दुसऱ्या मैत्रिणीचे म्हणणे मला अर्धेच पटते. झोपायचेच असते, पण रात्री आणि दुपारी, अशी दोनदा. रात्रीची झोप कुठेही लागते. दुपारची झोप मात्र जिथे अर्ध्या-पाऊण तासात पोहोचता येते, तिथेच शक्य होते.

आता किसिमीच्या घराकडे या कसोटीवर पाहू. घर पार्कपासून गाडीने पंचवीस मिनिटांवर आहे, असे तुम्ही लिहिता आणि ते खरे असणार. परंतु पंचवीस मिनिटे ही घर ते वाहनतळ अशी आहेत. मॅजिक किंगडम या मुख्य पार्कच्या दारापर्यंत स्वतःची गाडी जातच नाही. ती एका मोठ्या वाहनतळावर लावायची, तिथून गरजेप्रमाणे ट्रामने किंवा चालत एका स्थानकावर यायचे आणि मग तळ्याच्या कडेने मोनोरेलने (एकाच रुळावरून धावणाऱ्या गाडीने) किंवा तळ्यातून बोटीने दाराशी उतरायचे. सकाळी पहिल्यांदा हा प्रवास मौजेचा वाटतो. दुपारी झोपाळलेले मूल खांद्यावर, हातात घडी केलेली बाबागाडी आणि बरोबर गुडघे धरून चालणाऱ्या आजी अशा स्थितीत तोच प्रवास उलटा करायचा, तर घरात पाऊल टाकेपर्यंत तास उलटलेला असतो. परत येताना पुन्हा तेवढाच. अशा वेळी माणूस काय करतो, तर ‘जाऊ दे, आजच्या दिवस काढू’ म्हणतो. आणि तो तलाव, ज्यासाठी तुम्ही ते घर घेणार आहात, चार दिवस निळाशार आणि रिकामा पडून राहतो. मुले लहान असताना मीही एका अशाच सहलीत गावापलीकडचे ‘ऐसपैस’ ठिकाण घेतले होते. त्याच्या तलावाचे छायाचित्र आमच्याकडे आहे, तलावातल्या कोणाचेही नाही.

याचा अर्थ तुमची पहिली मैत्रीण बरोबर आहे, असाही नव्हे. तिच्या म्हणण्यात एक गृहीत धरलेली गोष्ट आहे, ती म्हणजे ‘आत’ राहिले की सगळे जवळ. डिस्ने वर्ल्ड ही एकाच कुंपणातली बाग नव्हे. १ ऑक्टोबर १९७१ रोजी उघडलेल्या या वसाहतीचा विस्तार शंभर चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. तीत चार स्वतंत्र थीम पार्क, दोन जलक्रीडा पार्क आणि स्वस्तापासून डोळे पांढरे करणाऱ्या दरांपर्यंतची पंचवीसहून अधिक हॉटेले आहेत. कंटेम्पररी हॉटेलातून मॅजिक किंगडमच्या दाराशी दहा मिनिटांत चालत जाता येते, तर त्याच कंपनीच्या ऑल-स्टार हॉटेलांतून कुठेही जायचे झाले तरी बसची वाट पाहावी लागते. दोन्ही ‘आत’च आहेत. तेव्हा आत की बाहेर, हा प्रश्न तुम्ही जरा बाजूला ठेवावा आणि कोणत्या मुक्कामावरून कोणत्या पार्कला कशाने जायचे, हे विचारावे. हॉटेलाच्या भिंतीवर कोणते कार्टून रंगवले आहे, यापेक्षा दाराशी बस थांबते की पाळणा येतो, याने तुमचे दिवस ठरणार आहेत.

पाळणा म्हणजे काय, ते सांगते, कारण तुमच्यासारख्या कुटुंबासाठी तो मोठा फरक करतो. सप्टेंबर २०१९ पासून तिथे स्कायलायनर नावाची रोपवे सुरू आहे. तिचे पाळणे पॉप सेंच्युरी, आर्ट ऑफ ॲनिमेशन, कॅरिबियन बीच आणि रिव्हिएरा या हॉटेलांना एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओज या दोन पार्कशी जोडतात. पाळणे एकामागून एक येत राहतात, त्यामुळे वेळापत्रक पाहावे लागत नाही. बाबागाडी बहुधा उघडीच आत ढकलता येते, बसमध्ये मात्र ती सहसा घडी करावी लागते, आणि झोपलेल्या मुलाला उठवून गाडी घडी करणे काय असते, हे तुम्हाला सांगायला नको. चालत्या पाळण्यात पाय टाकायला ज्यांना भीती वाटते किंवा जे व्हीलचेअरवर आहेत, त्यांच्यासाठी पाळणा पूर्ण थांबवून चढण्याची वेगळी सोय स्थानकावर असते. सासूबाईंसाठी ती मागून घ्यावी, लाजू नये. याच्याही मर्यादा आहेत. विजा चमकू लागल्या किंवा वारा वाढला की पाळणे बंद होतात आणि बसने जावे लागते, आणि तुमच्या आठवड्यात हे दुपारी घडण्याची शक्यता बरीच आहे. पाळण्यांत वातानुकूलन नाही, वाऱ्यावरच भिस्त. आणि मॅजिक किंगडम व ॲनिमल किंगडम या उरलेल्या दोन पार्कना रोपवे जात नाही. त्या दोन दिवशी हॉटेलाची बस घ्यावी लागेल. पण ही बस मॅजिक किंगडमच्या थेट दाराशी सोडते, वाहनतळाचा फेरा वाचतो.

स्वयंपाकघराविषयी मला जरा अधिक बोलायचे आहे. तुमच्या पत्रातले सगळ्यांत बोलके वाक्य ‘त्यात काय’ हे आहे. घर घेतले की स्वयंपाकघर येते, आणि स्वयंपाकघर आले की त्यात उभे राहणारे माणूसही लागते. ते माणूस तुम्ही असाल, हे तुमच्या घरात कोणी न सांगताच ठरलेले दिसते. दिवसभरात पंधरा-वीस हजार पावले चालून, दहा वाजता कुकर लावून, अकराला भांडी घासून, दुसऱ्या दिवशी सातला सर्वांना तयार करणे तुम्हाला जमणार नाही, असे मी म्हणत नाही, जमेलच. मी एवढेच विचारते, की ही सहल सहा माणसांची आहे की पाच माणसांची आणि एका व्यवस्थापकाची?

यामागचे दुसरे गृहीतक म्हणजे घरचा स्वयंपाक नसेल तर सासू-सासऱ्यांचे हाल होतील. हे त्यांनी सांगितले आहे का? तुमच्या पत्रावरून तरी तसे दिसत नाही. सासूबाई फक्त खर्चाविषयी बोलल्या आहेत. पुष्कळ जणांना ठाऊक नसलेली एक गोष्ट अशी, की डिस्ने वर्ल्डच्या पार्कमध्ये स्वतःचे खाद्यपदार्थ नेण्याची मुभा आहे. काचेची भांडी नकोत, दारू नको आणि गरम करावे लागेल असे काही नको, एवढ्या मोजक्या अटी. म्हणजे दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, थेपले, शेंगदाण्याची चटणी, दडपे पोहे, चिवडा हे सारे उजळ माथ्याने नेता येते. तुमच्या सासूबाईंच्या पिढीने एस. टी.च्या प्रवासात दोन-दोन दिवस टिकणारे डबे बांधलेले आहेत. न्यू जर्सीहून निघण्याच्या आदल्या दिवशी हे काम त्यांच्याकडे सोपवले, तर ‘आपण ओझे आहोत’ ही त्यांची भावनाही थोडी हलकी होईल. पहिले दोन दिवस हा शिधा पुरतो. पुढे पार्कमधल्या खाद्यपदार्थांच्या यादीत वनस्पतीजन्य पदार्थांपुढे हिरव्या पानाची खूण असते, ती पाहून मागवता येते. काउंटरवाल्या उपाहारगृहांत थंड पाण्याचे पेले फुकट मिळतात. आणि एखाद्या संध्याकाळी ॲनिमल किंगडम लॉजमधील सनाआ या उपाहारगृहात जरूर जा. आफ्रिकी पदार्थांवर भारतीय चवीचा हात फिरवलेले जेवण, वेगवेगळ्या चटण्यांसह नान आणि खिडकीबाहेर दिवसाउजेडी चरणारे जिराफ. तिथे जेवण्यासाठी त्या हॉटेलात उतरावे लागत नाही किंवा पार्कचे तिकीटही लागत नाही, मात्र जागा आधी राखून ठेवावी. ही नोंदणी साठ दिवस आधी उघडते.

सासऱ्यांच्या मधुमेहासाठी तुम्हाला पूर्ण स्वयंपाकघर नको आहे, फ्रिज हवा आहे, आणि तो डिस्नेच्या साध्या खोलीतही असतो. साध्या खोलीत मायक्रोवेव्ह नसतो. तो कुटुंबासाठीच्या मोठ्या सूटमध्ये, म्हणजे अनेक भागांच्या ऐसपैस खोलीत, असतो. काही मंडळी बॅगेतून इंडक्शन शेगडी नेतात आणि हॉटेलाच्या खोलीत फोडणी घालतात. ते कृपया करू नये. धुराची घंटा वाजली की मजले रिकामे होतात आणि मराठी घराची आठवण हॉटेलात दीर्घकाळ राहते.

आता तिसरी गोष्ट, जी कदाचित तुम्हाला पटायला वेळ लागेल. सहा जणांनी चारही दिवस एकत्रच फिरले पाहिजे, असे तुम्ही धरून चालला आहात. तिकिटे सहाही जणांची चारही दिवसांची काढायची, असे पत्रात लिहिले आहे. ७२ वर्षांच्या माणसाला चार दिवस रोज रांगेत उभे करण्यामागे प्रेम आहे, याविषयी मला शंका नाही. पण त्यांना दोन दिवस पार्क आणि दोन दिवस मोकळीक दिली, तर ते अधिक आनंदी असतील अशी शक्यता तुम्ही तपासून पाहावी. सासऱ्यांसाठी एपकॉट निवडा. तिथे ‘लिव्हिंग विथ द लँड’ नावाची संथ बोटीची फेरी आहे, जी काचघरांतून जाते. मातीविना वाढवलेल्या भाज्या, लटकत्या वेलींवरची फळे, पाण्यात मुळे सोडून उभी असलेली रोपे हे सारे बोटीत बसून पाहता येते. आयुष्यभर मांडवावर द्राक्षे चढवलेला माणूस तिथे दोनदा जाईल. दुसरा दिवस ॲनिमल किंगडमचा ठेवता येईल. तिथली सफारी उघड्या ट्रकमधून असते आणि ट्रक बऱ्यापैकी उसळतो, तेव्हा सासूबाईंची कंबर-गुडघे पाहून ठरवावे. व्हीलचेअर प्रत्येक पार्कच्या दाराशी भाड्याने मिळते, मात्र ती त्या पार्कबाहेर नेता येत नाही; खोलीपासून खोलीपर्यंत हवी असेल तर बाहेरच्या पुरवठादाराकडून आधीच ठरवावी लागते.

आणि इथेच मुक्कामाचा प्रश्न पुन्हा येतो. उरलेल्या दोन दिवशी सासू-सासरे काय करतील? किसिमीच्या घरात ते दोघे दिवसभर अडकून पडतील: गाडी तुम्ही नेलेली, बाहेर चालण्याजोगा रस्ता बहुधा नाही, शेजारीही पर्यटकच. टीव्ही आणि एकमेकांची तोंडे. त्याऐवजी रोपवेच्या हॉटेलात असतील, तर त्यांना तिकीट न काढता पाळण्यात बसून फिरता येईल. रोपवे, बस आणि हॉटेलांना जोडणारी मोनोरेल यांना पैसे पडत नाहीत. एपकॉटच्या मागच्या दाराशी उतरून तळ्याकाठच्या बोर्डवॉकवर रमतगमत चालता येते, खुर्च्या टाकून बसता येते, कंटाळा आला की आल्या वाटेने परतता येते. त्यासाठी सुनेला किंवा मुलाला फोन करावा लागत नाही. परदेशात मुलाकडे आलेल्या आईवडिलांना सर्वांत जास्त काय बोचत असेल, तर प्रत्येक ठिकाणी कोणीतरी ‘सोडायला’ लागणे. पाच दिवस का होईना, त्यांना स्वतःच्या पायांवर (गुडघे दुखत असले तरी) हिंडता आले, तर ते सांगलीला परतल्यावर त्याचीच हकीकत सांगतील.

पैशांचे बोलू, कारण तुमच्या पतींचा मुद्दा खरा आहे आणि तो उडवून लावणे योग्य नाही. एका रात्रीचा दर शेजारी-शेजारी मांडला तर घर स्वस्त दिसतेच. पण हिशेब पाच रात्रींचा आणि दारापासून दारापर्यंतचा करावा. घराच्या बाजूला साफसफाईचे शुल्क, नोंदणी करून देणाऱ्याचे शुल्क आणि किसिमी ज्या ऑसिओला काउंटीत (जिल्ह्यात) मोडते, तिथला साडेतेरा टक्के कर मिळवा. मग सहा माणसे आणि सामान मावेल अशी मोठी गाडी पाच दिवस, लहानग्यासाठी गाडीतली सुरक्षा-खुर्ची, पेट्रोल, टोल आणि पार्कमधले रोजचे वाहनतळाचे शुल्क, जे दिवसाला निदान ३० डॉलर धरावे. डिस्नेच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना पार्कचे वाहनतळ फुकट असते, २०२३ पासून हॉटेलातही रात्रीच्या पार्किंगचे पैसे घेत नाहीत आणि हॉटेलातल्या सोयींसाठीचे वेगळे ‘रिसॉर्ट शुल्क’ही नसते. मुळात तुम्हाला गाडीच लागणार नाही. विमानतळावरून नेणारी डिस्नेची मोफत बस मात्र जानेवारी २०२२ मध्ये बंद झाली. आता तिथून पैसे मोजून बस किंवा मोठी टॅक्सी करावी लागते, ते दोन फेऱ्यांचे भाडे हॉटेलाच्या बाजूला लिहा. बाहेरच्या हॉटेलांच्या बाबतीत मे २०२५ पासून सक्तीची सर्व शुल्के जाहिरातीतल्या दरातच दाखवण्याचे बंधन अमेरिकेत आले आहे, त्यामुळे पूर्वीसारखा शेवटच्या पानावर धक्का बसत नाही, तरी कर आणि पार्किंग तपासावेच. हा सगळा ताळेबंद मांडल्यावरही घर थोडे स्वस्त निघेल, असा माझा अंदाज आहे. तो फरक म्हणजे तुमच्या चार दुपारींची किंमत. ती द्यायची की नाही, हे तुम्ही दोघांनी बसून ठरवावे. पण निदान योग्य आकड्याविषयी चर्चा होईल.

वादळाचाही विचार करावा. ऑगस्टची अखेर ही तिकडे चक्रीवादळांच्या हंगामाच्या ऐन मध्यावर येते. ऑरलँडो भागासाठी चक्रीवादळाचा अधिकृत इशारा तुमच्या आगमनाच्या सात दिवसांच्या आत जारी झाला, तर डिस्नेकडे केलेली खोलीची नोंदणी दंड न भरता पुढे ढकलता किंवा रद्द करता येते. खासगी घराच्या बाबतीत प्रत्येक मालकाच्या अटी वेगळ्या असतात आणि त्या बऱ्याचदा कडक असतात. पैसे भरण्यापूर्वी त्या वाचून घ्याव्यात.

तर मी तुमच्या जागी असते, तर पॉप सेंच्युरीत दोन खोल्या घेतल्या असत्या. आर्ट ऑफ ॲनिमेशनचा कुटुंब-सूट हा अधिक देखणा पर्याय आहे: सहा जणांची सोय, दोन न्हाणीघरे, छोटा फ्रिज-मायक्रोवेव्ह आणि मुलांना वेड लावणारी सजावट. पण त्यातली पक्की पलंगाची खोली एकच आहे. उरलेली झोपण्याची सोय टेबलावरून खाली येणाऱ्या पलंगाची आणि उघडणाऱ्या सोफ्याची. आजी-आजोबांना आतली खोली दिली, तर तुम्ही चौघे बाहेरच्या भागात, आणि पहाटे पाचला उठणाऱ्या सासऱ्यांना चहासाठी तुमच्या अंगावरून जावे लागणार. शिवाय पॉप सेंच्युरीच्या दोन खोल्यांचा मिळून दर पुष्कळदा या सूटपेक्षा कमी पडतो. दोन्ही हॉटेले एकाच तळ्याच्या दोन काठांवर आहेत, मध्ये पूल आहे आणि रोपवेचे स्थानकही सामाईक आहे. म्हणजे आर्ट ऑफ ॲनिमेशनमधले रंगीत पुतळे पाहायला मुलांना तसेही पूल ओलांडून जाता येईल. दोन खोल्या घेताना मधले दार असलेल्या जोडखोल्या मागाव्यात आणि त्या लिफ्टजवळ असाव्यात, अशी विनंती नोंदणीच्या वेळीच करून ठेवावी. विनंतीची हमी नसते, पण लवकर आणि स्पष्ट कारण देऊन केलेली विनंती बहुधा ऐकली जाते.

कंटेम्पररी किंवा पॉलिनेशियनसारखी मोनोरेलवरची हॉटेले या कसोटीवर सर्वांत सरस आहेत. पण त्यांचा दर पाहता मी तुम्हाला तो सल्ला देणार नाही. तीन रात्री इथे, दोन तिथे अशी मुक्कामाची फाटाफूटही वृद्ध आणि लहान मुले बरोबर असताना टाळावी. एक मधला मार्ग आहे: डिस्ने स्प्रिंग्ज या बाजारपेठेलगतची काही खासगी हॉटेले. त्यांना डिस्नेच्या हॉटेलांप्रमाणेच पार्क उघडण्याच्या अर्धा तास आधी प्रवेश मिळतो आणि दर पुष्कळदा कमी असतात. तिथे अडचण बसची असते. फेऱ्या किती अंतराने आहेत, आणि मॅजिक किंगडमच्या दाराशी सोडतात की मोनोरेलच्या स्थानकावर, हे हॉटेलाला फोन करून विचारल्याशिवाय पैसे भरू नयेत. या अर्ध्या तासाच्या लवकर प्रवेशाला उन्हाळ्यात फार मोल आहे, कारण तो दिवसातला सर्वांत गार आणि मोकळा अर्धा तास असतो. शिवाय रांग टाळण्याचा पैसे भरून मिळणारा लायटनिंग लेन पास डिस्नेच्या हॉटेलातल्यांना सात दिवस आधी नोंदवता येतो, इतरांना तीन दिवस आधी.

किसिमीचे घर कोणासाठी योग्य, हेही सांगते, कारण अशीच पत्रे आणखी काही वाचकांकडून आली आहेत. दोन कुटुंबे मिळून आठ-दहा माणसे असतील, मुले दहा-बारा वर्षांपुढची असतील, मुक्काम आठवड्याहून मोठा असेल आणि त्यांतले निम्मे दिवस पार्कबाहेर घालवायचे असतील, तर घरासारखे सुख नाही. तिथे स्वयंपाकाची पाळी लावता येते, पुरुषांचीसुद्धा. भारतातून हाँगकाँग किंवा पॅरिसच्या डिस्नेलँडला जाणाऱ्यांचा प्रश्न याहून सोपा आहे: त्या जागा आटोपशीर आहेत आणि रेल्वे पार्कच्या दाराशी येते, त्यामुळे रेल्वेमार्गावर दोन-चार स्थानके अलीकडे राहूनही दुपार साधते. पुण्या-मुंबईहून खोपोलीजवळच्या इमॅजिकाला जाणारे बहुतेक जण पहाटे निघून रात्री परततात. पण बरोबर वृद्ध माणसे असतील किंवा जलक्रीडा पार्कही पाहायचा असेल, तर पार्कला लागूनच असलेल्या हॉटेलात एक रात्र काढणे परतीच्या वाटेवरच्या कोंडीपेक्षा स्वस्त पडते, असे मला वाटते.

नोंदणी करण्याआधी एक काम बाकी आहे. सासूबाईंशी बोलताना ‘तुम्हाला चालेल ना?’ असे विचारू नका. त्याला त्यांच्याकडे एकच उत्तर आहे. ‘आई, एक दिवस आम्ही बाहेर असताना तुम्ही दोघे पाळण्यातून फिरून याल का, की कोणी बरोबर हवे?’, ‘दोन खोल्यांत राहायला बरे की एकत्र?’, ‘चार दिवस दशम्या-पुऱ्या आणि बाहेरचे मिळून निभेल का?’ असे नेमके विचारा, आणि शक्यतो पतीने विचारावे. आईवडील मुलाला जे सांगतात, ते सुनेला सांगताना त्याला मुलामा देतात.

चहाचे तेवढे राहिले. पॉप सेंच्युरीच्या खोलीत कॉफीचे यंत्र असते, त्यातून गरम पाणी मिळते. दूध खालच्या उपाहारगृहातून आणून फ्रिजमध्ये ठेवता येते. आले घालून उकळलेला चहा होणार नाही, हे सासऱ्यांना आधीच सांगून ठेवा, आणि बिनसाखरेच्या वेलदोड्याच्या झटपट चहाची पाकिटे न्यू जर्सीतल्या भारतीय दुकानातून घेऊन बॅगेच्या वरच्या कप्प्यात ठेवा.